चाँदरातीला टाकून दिलेले जहाज

हिजरी सन १२९७. शाबान संपत आला होता आणि पंचांगाच्या हिशेबाने रमजानची पहिली कोर ७ ऑगस्ट १८८० च्या संध्याकाळी दिसायची होती. ज्या अमावास्येनंतर ती कोर उगवणार होती, त्याच अमावास्येनंतर आपल्याकडे श्रावण लागला. दोन्ही पवित्र महिने त्या वर्षी जोडीनेच आले. श्रावणातल्या भरलेल्या आभाळात चंद्र दिसतो की नाही, ही धाकधूक किनाऱ्यावरच्या मुसलमानांना नेहमीचीच. चंद्र दिसला की सलाम, मुबारकबादी, रात्री तरावीहची नमाज आणि पहाटे सहरीसाठी चुली पेटवणे, हा चाँदरातीचा ठरलेला क्रम.

त्याच रात्री अरबी समुद्राच्या पश्चिम टोकाला, सोकोत्रा बेट आणि आफ्रिकेचे गार्डाफुई भूशिर यांच्या परिसरात एक आगबोट लाटांवर हेलकावत होती. तिचे इंजिन बंद पडले होते, शिडे फाटली होती आणि तळात पाणी भरत होते. बोटीचे नाव ‘जेद्दा’. तिच्यावर हजला निघालेले पुरुष, स्त्रिया आणि मुले मिळून हजाराच्या घरात माणसे होती. रमजानच्या त्या पहिल्या रात्री त्यांच्या हातात तस्बीह कमी आणि बादल्या जास्त होत्या.

आणि सहरीला अजून दोन-अडीच तास असताना बोटीचा कप्तान, त्याची पत्नी, पहिला अधिकारी आणि इंजिनिअर होडीत बसून निघून गेले.

कोण होते हे प्रवासी?

‘जेद्दा’ स्कॉटलंडमधल्या डम्बार्टन येथे १८७२ मध्ये बांधली गेली. सिंगापूरच्या ज्या कंपनीची ती होती, तिचा कारभार तिथल्या अलसगोफ या अरब व्यापारी घराण्याच्या हातात होता. पूर्वेकडच्या मुसलमानांना हजसाठी अरबस्तानात नेणे हाच या बोटीचा मुख्य धंदा, म्हणून नावही जेद्दा. मक्केला जाणाऱ्याचा समुद्रप्रवास ज्या बंदरात संपतो, त्या बंदराचे नाव.

१७ जुलै १८८० रोजी ती सिंगापूरहून निघाली, पिनांगला थांबली आणि पश्चिमेकडे वळली. बोटीवरचे यात्रेकरू मलाया आणि आसपासच्या बेटांवरचे. पोटात साखर, लाकूड आणि इतर माल मिळून सुमारे सहाशे टन वजन. कप्तान जोसेफ लुकास क्लार्क. पहिला अधिकारी ऑगस्टीन पॉडमोर विल्यम्स, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या एका पाद्र्याचा मुलगा, वय अवघे अठ्ठावीस.

हजचे दिवस त्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्याला येणार होते. मग जुलैमध्येच का निघायचे? मलाया-जावाकडच्या यात्रेकरूंची तेव्हाची रीतच तशी होती. शक्य झाले तर रमजानपूर्वी किंवा रमजानमध्ये मक्केत पोहोचायचे, तो महिना काबागृहाच्या सावलीत काढायचा, काही शिकायचे आणि मग हज करून परतायचे. आयुष्यात एकदाच होणारा प्रवास. तो घाईने उरकायचा नसे.

या प्रवासासाठी माणसे वर्षानुवर्षे पैसा साठवत. कोणी शेताचा तुकडा विकत, कोणी कर्ज काढत. हजवर निघण्याआधी देणी फेडायची, दुखावलेल्यांची माफी मागायची, हा शिरस्ता सगळीकडे सारखा. आपल्या कोकणातही हजला निघालेला माणूस घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करा’ म्हणे, तो केवळ शिष्टाचार नव्हता. माणूस परत येईल याची खात्री नसे. कित्येकांच्या गाठोड्यात अन्नधान्याबरोबर कफनाचे कापडही असे.

तिकीट अर्थातच डेकचे. डेकचा प्रवासी म्हणजे चटई टाकण्यापुरती जागा, स्वतःचे भांडे आणि स्वतःचा शिधा. त्याच जागेत झोपायचे, खायचे, नमाज पढायची आणि आजारी पडायचे.

चंद्राचे गणित आणि वाऱ्याचे गणित

हा अपघात समजून घ्यायचा तर आधी कालगणना समजून घ्यावी लागते. हिजरी वर्ष पूर्णपणे चांद्र आहे. हिंदू पंचांगात अधिक महिना घालून चंद्राचा सूर्याशी मेळ घातला जातो. हिजरीत तो घातला जात नाही. त्यामुळे रमजान आणि हज दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात.

समुद्राला मात्र चंद्राच्या महिन्यांची पर्वा नाही. तिथे मोसमी वाऱ्याचे राज्य. जून ते ऑगस्ट या काळात नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्र असा खवळवतो, की आपल्या किनाऱ्यावरचा कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वाळूवर ओढून ठेवतो. १८८० मध्ये नारळी पौर्णिमा त्या रात्रीपासून सुमारे दोन आठवड्यांवर होती. शिडांच्या जहाजांच्या काळात हजला जाणारेही हाच नियम पाळत. वारा अनुकूल असेल तेव्हा निघायचे आणि तिकडे महिनोन्महिने थांबायचे.

वाफेच्या इंजिनाने हा नियम मोडला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, तांबड्या समुद्रातली आगबोटींची ये-जा वाढली आणि वाऱ्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. प्रवास महिन्यांवरून आठवड्यांवर आला, भाडे उतरले, गरिबालाही हज आवाक्यात आल्यासारखा वाटू लागला. ही मोठीच सोय होती. पण किनाऱ्यावरचा अनुभवी तांडेल ज्या दिवसांत होडी पाण्यात घालायला नकार देईल, त्या दिवसांत हजार माणसांनी भरलेली आगबोट उघड्या समुद्रात, तीही वाऱ्याच्या तोंडावर, जाऊ लागली. सगळा भरवसा एका गोष्टीवर: इंजिन चालत राहील.

बॉयलर हलला

३ ऑगस्टला आफ्रिकेच्या रास हाफूनजवळ वादळी वारा आणि उंच लाटांनी ‘जेद्दा’ला गाठले. बोट दोन्ही अंगांवर इतकी कलू लागली, की तळातले अवजड बॉयलर आपल्या बैठकीवरून हलले. खलाशांनी लाकडी पाचरी ठोकून ते पुन्हा जागेवर बसवले. ६ ऑगस्टला हवा आणखी बिघडली आणि पाचरी निसटल्या.

बॉयलर हलणे म्हणजे नुसते यंत्र बंद पडणे नव्हे. त्याला जोडलेल्या नळांचे जाळे बोटीच्या तळापर्यंत गेलेले असते आणि समुद्राचे पाणी आत घेणारे नळही त्यातच असतात. बॉयलर डुलू लागला की हे नळ पिळवटतात, सांध्यांतून फुटतात आणि जे पाणी ठरलेल्या वाटेने यायचे ते मोकाट आत शिरते. बोट थांबवून दुरुस्ती केली, एकाच बॉयलरवर हळूहळू पुढे नेली, पुन्हा थांबवली. थांबलेली बोट लाटांना अधिकच शरण जाते. हेलकावे वाढले, बॉयलर पूर्ण सुटले, नळ तुटून गेले आणि इंजिन निकामी झाले. शिडे उभारली, ती वाऱ्याने फाडून नेली.

आता एकच उपाय होता, पाणी उपसणे. खलाशांच्या जोडीला यात्रेकरू उतरले. रांगा लावून, बादल्या हातोहात देत, रात्रंदिवस पाणी बाहेर फेकणे चालले. ज्यांनी कधी इंजिनघर पाहिले नव्हते ते मलाया-जावाकडचे शेतकरी आणि दुकानदार त्या काळ्या, तेलकट पाण्यात उभे राहिले.

प्रवाशाला रोजा सोडण्याची सवलत आहे. राहिलेला रोजा पुढे पुरा करता येतो. जीव वाचवणे हे उपवासापेक्षा मोठे कर्तव्य मानले गेले आहे. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्या रांगांत ज्यांनी पाण्याचा घोट घेतला असेल, त्यांच्यावर शरियतचा कोणताही बोल येत नाही.

पहाटे दोनच्या सुमारास

वर अधिकाऱ्यांमध्ये वेगळाच विचार चालला होता. बोट बुडणार असे त्यांनी मनाशी ठरवले होते. हजार माणसांना पुरतील एवढ्या होड्या त्या काळच्या यात्रेकरू बोटींवर नसतच. तसा दंडक यायला पुढे ‘टायटॅनिक’ बुडावी लागली. होड्या थोड्या आणि माणसे फार, अशा वेळी कोणी आधी उतरायचे याचा समुद्रावरचा अलिखित नियम मात्र स्पष्ट होता. आधी बायका-मुले, मग इतर प्रवासी, मग खलाशी आणि सगळ्यांत शेवटी कप्तान.

क्लार्क आणि विल्यम्स यांनी तो नियम उलटा केला. होड्या सज्ज होताना यात्रेकरूंनी पाहिल्या आणि काय चालले आहे ते त्यांच्या ध्यानात आले. खाली पाणी उपसणारी माणसे वर धावली. त्यांनी होड्या अडवण्याचा प्रयत्न केला, हाताला लागेल ते फेकले, ओढाताण झाली. त्या झटापटीत काही माणसे पाण्यात पडून बुडाली. उजव्या बाजूची एक होडी मात्र सुटली. तिच्यात कप्तान, त्याची पत्नी, विल्यम्स, मुख्य इंजिनिअर, त्याचा मदतनीस आणि आणखी काही खलाशी होते. ८ ऑगस्टचे पहाटेचे दोन वाजले होते.

त्या होडीतून पाठीमागे पाहणाऱ्यांना काय दिसले असेल? वादळात काळी पडलेली बोट, तिच्यावर हजार माणसांचा कल्लोळ. मागे राहिलेल्यांना दिसली अंधारात दूर जाणारी होडी. बोट कुठे आहे, कोणत्या दिशेने वाहते आहे, किनारा किती लांब, हे सांगू शकणारी बहुतेक माणसे त्या होडीत होती.

ते खाली परतले

इथून पुढची गोष्ट कमी सांगितली जाते, आणि खरे तर तीच सांगायला हवी.

मागे राहिलेल्यांत काही खलाशी होते. बाकी सगळे प्रवासी. संतापायला, रडायला, एकमेकांना तुडवायला कारणे पुरेशी होती. पण बोट तरंगत राहिली, आणि ती आपोआप तरंगत राहिली नाही. यात्रेकरू पुन्हा खाली गेले. पुन्हा रांगा लागल्या, पुन्हा बादल्या फिरू लागल्या. संकटाची निशाणी वर चढवली गेली. ज्या बोटीला तिच्या अधिकाऱ्यांनी बुडालेली धरले होते, ती सामान्य माणसांच्या हातांनी तासामागून तास पाण्यावर धरून ठेवली.

त्याच दिवशी शांघायहून लंडनकडे निघालेल्या ‘अँटेनॉर’ या आगबोटीला ‘जेद्दा’ दिसली. अँटेनॉरचा पहिला अधिकारी कॅम्पबेल ‘जेद्दा’वर चढला. आदल्या रात्रीच एका गोऱ्या अधिकाऱ्याने दगा दिलेला, त्यामुळे दुसऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यावर विश्वास ठेवणे यात्रेकरूंना सोपे गेले नसणार. तरी तो राहिला. त्याने कामाची पुन्हा आखणी केली, पाणी उपसणे चालू ठेवले आणि ‘जेद्दा’ला दोराने बांधून अँटेनॉरने एडनच्या दिशेने ओढायला सुरुवात केली. कॅम्पबेल सबंध वेळ त्या बुडत्या बोटीवरच थांबला. ज्या धर्माचा, ज्या वर्णाचा, ज्या पेशाचा विल्यम्स, त्याचाच कॅम्पबेलही. ही गोष्ट ऐकून घाईने निष्कर्ष काढणाऱ्याने हे विसरू नये.

एडनची तार

पळालेल्यांची होडी त्याच सकाळी ‘सिंदिया’ नावाच्या आगबोटीने उचलली आणि १० ऑगस्टला एडनला आणली. तिथे कप्तानाने आपली हकीकत सांगितली: यात्रेकरू हिंसक झाले, त्यांनी दोन इंजिनिअरांना ठार मारले, आमच्याही जिवावर उठले, आणि बोट बुडून सगळे प्रवासी गेले. तारायंत्राने ही बातमी लंडनला पोहोचवली. हजार हाजी समुद्रात बुडाले, आणि बुडण्याआधी ते खुनी झाले होते, अशी ती बातमी.

दुसऱ्या दिवशी, ११ ऑगस्टला, अँटेनॉरच्या मागे बांधलेली ‘जेद्दा’ एडनच्या बंदरात शिरली. तिच्यावर ते सगळे ‘बुडालेले’ लोक जिवंत उभे होते.

या एका दिवसाच्या फरकाला फार अर्थ आहे. अँटेनॉरला ‘जेद्दा’ दिसली नसती, तर पळालेल्यांची साक्ष हीच एकमेव साक्ष उरली असती. हजार माणसांचा जीव तर गेलाच असता, वर त्यांच्या नावाला खुनाचा डागही कायमचा लागला असता, आणि तो पुसायला कोणीच उरले नसते. मेलेल्यांवर केलेला आरोप सर्वांत सोपा असतो. इथे आरोपींनी स्वतः पाणी उपसून आपली साक्ष बंदरापर्यंत आणली.

चौकशी आणि शिक्षा

एडन तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होते. १८३९ मध्ये ते इंग्रजांनी घेतले तेव्हापासून त्याचा कारभार मुंबईहून चाले. तिथल्या ब्रिटिश रेसिडेंटसमोर चौकशी झाली. ती गोऱ्या अधिकाऱ्यांची, गोऱ्या अधिकाऱ्यांनी केलेली असली, तरी तिने कप्तानाची कथा मान्य केली नाही. यात्रेकरूंचा क्षोभ हा आपल्याला सोडून जात आहेत हे दिसल्यानंतरचा होता, तो स्वाभाविक होता, असे मत पुढे आले. हजार प्रवाशांना टाकून जाण्याचा दोष कप्तानावर आला. विल्यम्सवरही ताशेरे ओढले गेले. कप्तानाच्या मनात भीती भरवण्यात त्याचा मोठा वाटा होता असे चौकशीत दिसून आले.

आणि शिक्षा? कप्तान क्लार्कचा परवाना तीन वर्षांसाठी स्थगित. बस्स, एवढेच. हजार माणसांना काळोखात सोडून जायची किंमत तीन वर्षे. सिंगापुरात या शिक्षेवर बरीच टीका झाली आणि प्रकरणाचा बोभाटा लंडनपर्यंत गेला. ‘जेद्दा’ मात्र दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यात उतरली आणि पुढे ‘डायमंड’ या नव्या नावाने चालत राहिली.

या निकालाच्या पलीकडे एक मोठा प्रश्न होता. यात्रेकरूंच्या बोटींविषयी त्या काळात जे कायदे झाले, ते मुख्यतः दोन गोष्टींकडे पाहत: एका प्रवाशाला किती जागा, आणि रोग कसा रोखायचा. १८६५ मध्ये मक्केत पटकीची भयंकर साथ आली आणि तिथून ती युरोपपर्यंत पोहोचली. त्यानंतर युरोपच्या सरकारांना हाजी दिसू लागला तो मुख्यतः रोग वाहून आणणारा म्हणून. त्याला क्वारंटाइनमध्ये ठेवण्याची चर्चा परिषदांमधून झाली. तो स्वतः सुखरूप पोहोचेल की नाही, हा प्रश्न बराच मागे होता.

मुंबईतही हेच चित्र. मोगल काळात हजचे बंदर सुरत होते. एकोणिसाव्या शतकात तो मान मुंबईकडे आला. देशभरातून आणि मध्य आशियातून यात्रेकरू इथे येत आणि दलालांच्या हाती सापडत. बोट कधी सुटेल याची खात्री नसे, तिकिटे क्षमतेपेक्षा जास्त विकली जात. तक्रारी एवढ्या वाढल्या, की १८८६ मध्ये सरकारने हजयात्रेच्या व्यवस्थेचे काम थॉमस कुक या प्रसिद्ध प्रवासी कंपनीकडे सोपवले. १८९३ पर्यंत ते तिच्याकडे होते. व्यवस्था थोडी सुधारली, पण गरीब प्रवाशाला माल समजण्याची सवय एका कराराने जाणारी नव्हती.

कादंबरीत कोण उरले?

‘जेद्दा’ प्रकरण जगाच्या लक्षात राहिले ते एका कादंबरीमुळे. जन्माने पोलिश आणि इंग्रजीत लिहिणारा जोसेफ कॉनरॅड स्वतः खलाशी होता. १८८३ मध्ये तो सिंगापुरात आला तेव्हा या प्रकरणाची चर्चा बंदरात ताजी होती. १९०० मध्ये त्याची ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी पुस्तकरूपात आली. तिच्यात बोटीचे नाव ‘पाटणा’ आहे, आठशे यात्रेकरू आहेत आणि होडीत उडी मारणारा एक तरुण अधिकारी आहे, जिम. त्या एका उडीची लाज तो जन्मभर वाहतो.

इंग्रजीतल्या थोर कादंबऱ्यांत तिची गणना होते आणि ती योग्यच आहे. भित्रेपणा, शरम आणि स्वतःला माफ न करता येणे यांचा एवढा खोल शोध क्वचितच घेतला गेला असेल. पण कादंबरी जिमच्या मागे जाते. यात्रेकरू एका प्रसंगापुरते येतात, झोपलेले, विश्वासाने निर्धास्त, आणि मग कथेतून निघून जातात. कादंबरीतल्या त्या रात्री ते झोपलेले आहेत. खऱ्या त्या रात्री ते जागे होते. कादंबरीत एक फ्रेंच गनबोट त्यांना ओढून नेते. खऱ्या ‘जेद्दा’ला अँटेनॉर भेटेपर्यंत त्यांनी स्वतः तगवले होते.

जिमसाठी विल्यम्स हाच कॉनरॅडसमोरचा नमुना होता असे अभ्यासक मानतात. खरा विल्यम्स सिंगापुरातच राहिला. जिथे सगळे त्याची गोष्ट जाणत होते त्याच बंदरात त्याने जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका पेढीत नोकरी केली आणि १९१६ मध्ये तिथेच तो वारला. त्याने गाव सोडले नाही, यातही एक प्रकारचे धैर्य होते असे म्हणता येईल. ते धैर्य त्याला एका रात्री कमी पडले, आणि उरलेल्या आयुष्यात पुरले.

त्याचे नाव, वय, जन्मगाव, थडगे, सगळे ग्रंथांतून सापडते. बादल्या उपसणाऱ्यांपैकी एकाचेही नाव सामान्य वाचकापर्यंत पोहोचलेले नाही.

‘विजळी’ परतली नाही

‘जेद्दा’ वाचली. त्या काळातल्या सगळ्या बोटींचे नशीब तसे नव्हते. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे येणारी ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळात नाहीशी झाली. वैतरणा हे आपल्याच नदीचे नाव. ती होती मुंबईच्या शेफर्ड कंपनीची. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘विजळी’ म्हणत. सातशे चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यात लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेसाठी निघालेले विद्यार्थी होते, हिंदू होते, मुसलमान होते. सुटकेच्या होड्या आणि साधने अपुरी होती, हे चौकशीत पुन्हा एकदा निघाले.

‘विजळी’ला अँटेनॉर भेटली नाही. तिची साक्ष द्यायला कोणी परतले नाही. पण तिच्या वाट्याला दुसरे एक भाग्य आले. सौराष्ट्रात तिच्यावर गाणे रचले गेले. हाजी कासमच्या नावाने हाक मारणारे ते लोकगीत झवेरचंद मेघाणींनी आपल्या संग्रहात घेतले आणि आजही गुजराती घरांत ते माहीत आहे. बुडालेल्या हिंदू नवरदेवांसाठी आणि मुसलमान कप्तानासाठी एकच विलाप. तिथे दुःखाची वाटणी धर्मावर झाली नाही.

‘जेद्दा’च्या वाट्याला कादंबरी आली, ‘विजळी’च्या वाट्याला लोकगीत. कादंबरीने पळालेल्याला आठवणीत ठेवले, लोकगीताने बुडालेल्यांना. वाचवणाऱ्यांची आठवण दोन्हीकडे राहून गेली.

वरचा मजला, खालचा मजला

हदीसमध्ये जहाजाचा एक प्रसिद्ध दाखला आहे. एका जहाजात काही लोक वरच्या मजल्यावर आहेत, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी सारखे वर जावे लागते, वरच्यांना त्याचा त्रास होतो. तेव्हा खालचे म्हणतात, आपण आपल्याच भागात एक भोक पाडू, म्हणजे कोणाला त्रास नको. वरच्यांनी त्यांना अडवले तर सगळे वाचतील. न अडवले तर सगळे बुडतील. समाज म्हणजे एक जहाज आहे आणि ‘माझ्या भागात मी काहीही करीन’ असे म्हणण्याची सोय त्यात कोणालाच नाही, हा त्याचा रोख.

‘जेद्दा’वर हा दाखला उलटा घडला. नियम मोडला तो वरच्या मजल्याने. जहाज सांभाळले ते खालच्या मजल्याने. वरच्यांना वाटले, आपण होडीत बसलो की आपल्यापुरते सुटलो. त्या रात्री ते सुटले खरे. पण क्लार्कला आपल्या खोट्यासकट एडनमध्ये त्याच माणसांसमोर उभे राहावे लागले, ज्यांना तो मेलेले सांगून आला होता.

इस्लाममध्ये ‘अमानत’ हा फार वजनाचा शब्द आहे. मराठीत ‘ठेव’ म्हणता येईल, पण अमानतीत पैसाच नव्हे, तर पद, गुपित आणि दुसऱ्याचा जीवही येतो. कोणी विश्वासाने तुमच्या हाती सोपवलेली प्रत्येक गोष्ट ही अमानत. कप्तानाच्या हाती जहाज ही अमानत असते. डॉक्टरच्या हाती रोगी, शिक्षकाच्या हाती मूल, सरकारच्या हाती गरिबाचा जीव, तशीच. रोजाही एका अर्थी अमानतच आहे. बंद दाराआड कोणी घोटभर पाणी प्यायले तर दुसऱ्या माणसाला कळणार नाही. कोणी पाहत नसताना आपण कसे वागतो, याचीच ही महिनाभराची उजळणी.

क्लार्क आणि विल्यम्स यांना वाटले, कोणी पाहत नाही. अंधार होता, समुद्र होता, साक्षीदार बुडणार होते.

मुंबईहून समुद्रमार्गे हजला जाणे १९९५ मध्ये बंद झाले. आता विमान काही तासांत जेद्दाला उतरते. एके काळी महिन्याभराच्या वाटेवर माणसे जो जीव मुठीत धरत, त्याची कल्पनाही नव्या पिढीला येत नाही. पण आपल्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांत समुद्रावरच्या माणसांसाठी दुआ मागण्याची सवय अजून आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणाऱ्या कोळ्याच्या मनातही तीच भावना असते. भाषा वेगळी, मागणे एकच: गेलेला परत येऊ दे.

या रमजानमध्ये असे हात उठतील, तेव्हा त्या दुआत १२९७ च्या पहिल्या सहरीला पाण्यात उभे असलेल्या त्या माणसांनाही जागा असावी. त्यांनी बोट किनाऱ्याला लावली आणि आपली नावे कुठेही न लिहिता ते आपल्या वाटेने निघून गेले.